नऊ पायांचं बटण, तीन पायांचा दिवा

बटणाला दोन पाय असले की ते समजतं. दाबलं, चालू. पुन्हा दाबलं, बंद. घरातल्या पंख्याचं बटण असंच असतं आणि त्याच्याशी माझं कधी वाकडं आलं नाही. पण एका दुपारी माझ्या भाच्यानं कागदाच्या पुडीतून नऊ पायांचं बटण काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि मी हातातली भाकर खाली ठेवली. जेवण अर्धवट सोडून बघावं असं माझ्या आयुष्यात फार काही येत नाही. हे आलं.

मी नांदेडला राहते. एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवते. बेंचच्या शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जावं म्हणून आवाज मोठा झाला आणि त्या आवाजाच्या पाठोपाठ रागही नाकावर येऊन बसला. तो घरी आल्यावरसुद्धा उतरत नाही, असं माझी मुलगी म्हणते. भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा, लातूरचा. भावजी डाळमिलमध्ये, अक्का अंगणवाडीत, आणि हा एकुलता एक. कित्येक वर्षं रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिला होता आणि अखेर पास झाला होता, तेही इंजिनाच्या सहायक ड्रायव्हरच्या जागेसाठी. आता फक्त मेडिकल राहिली होती. मेडिकलची कुणालाच काळजी नव्हती. पोरगं धडधाकट, व्यसन नाही, पहाटे उठून पळतं. अक्का तर शेजारणीशी बोलताना ‘माझा ड्रायव्हर’ म्हणूनच त्याचा विषय काढायची.

मेडिकलची तारीख येईपर्यंत त्याला हात रिकामे ठेवायचे नव्हते. लातूरच्या एका गायन पार्टीत तो गिटार वाजवतो. भीमगीतं गाणारी पार्टी. जयंतीचे कार्यक्रम आमच्याकडं एप्रिलात सुरू होतात आणि पेरण्या तोंडावर येईपर्यंत गावोगाव चालूच राहतात. त्याला गिटारसाठी पेडल करून हवं होतं.

“पेडल म्हणजे काय रे?” मी विचारलं. “सायकलचं?”

“न्हाई मावशी. पायाखाली ठेवायचा डबा. बटण दाबलं की आवाज फाटतो.”

“चांगला आवाज मुद्दाम फाडायचा?”

“हाव. लई भारी वाटतं.”

आमच्याकडं स्पीकर फाटला की लोक दुरुस्तीला आणतात, आणि हे लेकरू फाडण्याचं यंत्र मागत होतं. पण नऊ पाय टेबलावर होते. मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

आवाज फाडणारं सर्किट त्यानं तयारच मागवलं होतं, काडेपेटीएवढं. राहिलं होतं ते भोवतीचं वायरिंग: पायानं दाबायचं बटण, वायर खुपसायचे दोन जॅक आणि एक दिवा. ते त्यानं स्वतः करून बघितलं होतं आणि सोल्डरिंग आयर्न इतका वेळ टेकवलं होतं की पहिल्या बटणाचं पोट आतून वितळलं. म्हणून मग मावशी आठवली.

मी ते बटण उलटं करून मीटरनं पाय तपासत बसले. तीन-तीनच्या तीन ओळी. हळूहळू उमगलं की हे एक बटण नाहीच, एकाच दांड्याला बांधलेली तीन बटणं आहेत. एक ओळ गिटारकडून येणाऱ्या आवाजाची. दुसरी स्पीकरकडं जाणाऱ्या आवाजाची. पाय दिला की दोन्ही ओळी एकदम सरकतात आणि आवाज सर्किटमधून जातो. पुन्हा पाय दिला की सर्किटला वळसा घालून सरळ निघून जातो, जसा आला तसा. आणि तिसरी ओळ? तिला आवाजाशी काही घेणंदेणंच नाही. ती नुसती दिव्यासाठी. दिव्याला काही ऐकू येत नसतं, तो फक्त त्याच दांड्याला बांधलेला असतो म्हणून बरोबर सांगतो. हे मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायचा धडा बाजूला ठेवून मी पोरांना हेच सांगत बसले. पोरं कंटाळली. कंटाळू देत.

जॅकचं तर त्याहून नवल. डब्यात नऊ व्होल्टची बॅटरी बसवायची, पण तिला वेगळं बटणच नव्हतं. मी म्हटलं, मग बॅटरी रात्रंदिवस जळत राहणार का? भाच्याला माहीत नव्हतं. मी आत येणाऱ्या वायरचा जॅक हातात घेतला. त्यात दोनऐवजी तीन पत्र्या होत्या. गिटारच्या साध्या वायरला दोनच पुरतात. मग तिसरी कशाला? बॅटरीची काळी वायर त्या तिसऱ्या पत्रीला जोडायची. गिटारची वायर आत खुपसली की तिच्या दांड्याचा धातू दोन पत्र्यांना एकदम टेकतो आणि बॅटरीचा रस्ता पुरा होतो. वायर उपसली, रस्ता तुटला. म्हणजे वायर हेच बटण. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं असेल त्याला समोर बसवून चहा पाजावा असं मला वाटलं.

डबा म्हणून भिंतीत बसवतात तो जीआय बॉक्स घेतला, वर पत्रा कापून लावला. पत्र्याला भोकं पाडताना भाच्यानं धरलं, मी ड्रिल चालवलं आणि दोघांनी एकमेकांवर खेकसून घेतलं.

राहिला दिवा. इथं मी शहाणपणा केला. भाचा साधाच दिवा लावा म्हणत होता: फाटका आवाज चालू असला की पेटेल, नसला की विझेल. मी म्हटलं, मांडवात विझलेला दिसला तर तुला काय कळणार, आवाज साधा आहे की बॅटरीच मेलीय? त्यापेक्षा तीन पायांचा दिवा लावू. एकाच काचेत दोन रंग, लाल आणि हिरवा. कोणता ना कोणता पेटलेला असणारच, म्हणजे डबा जिवंत आहे हे कळत राहील. मधला पाय काळ्या वायरला, बाजूचे दोन पाय बटणाच्या तिसऱ्या ओळीच्या दोन टोकांना. फाटका आवाज असला की लाल, साधा असला की हिरवा. आमच्या पॅनेलबोर्डावर लाल म्हणजे मोटार चालू, आत करंट आहे, लांब राहा. हिरवा म्हणजे बंद, निवांत. आयुष्यभर हेच शिकवलं, तेच हातातून गेलं.

सोल्डर करताना एक पाय टेकला, की दुसरा लांबचा घ्यायचा, म्हणजे बटण एका जागी तापत नाही. काम झालं, गिटार लावली, दाबलं. आमच्या खोलीत एकदम ट्रॅक्टर शिरल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. मी इतकी खूश होते की त्यांनाही आत बोलावून एकदा दाबायला लावलं.

भाचा डबा घेऊन लातूरला गेला आणि पुढच्याच आठवड्यात फोन आला.

“मावशी, दिवा बिघडलाय.”

“पेटत नाही?”

“पेटतो की. पण बदलत न्हाई.”

माझा पारा चढला. मी केलेलं काम बिघडतं, हे मला कुणाच्या तोंडून ऐकवत नाही. “डबा घेऊन ये,” म्हटलं. तो एसटीनं आला. मी डबा उघडला, वायर खुपसली, बटण दाबलं. लाल. दाबलं. हिरवा. परत लाल. तो शेजारी उभा राहून पत्र्याकडं बघत होता.

“बदलतो की रे,” मी म्हटलं.

“तिथं बदलत नव्हता.”

मग पाणी कुठं मुरतंय? धक्क्यानं एखादा सांधा हलत असेल म्हणून मी सगळे पाय पुन्हा तापवून बसवले. आणि मग मला एकदम वेगळंच सुचलं. त्याला विचारलं, “हे बघ, लाल म्हणजे काय?”

“थांब.”

“हिरवा म्हणजे?”

“जा.”

मी कपाळावर हात मारला. हा रेल्वेवाला. ह्याच्या डोक्यात हिरवा म्हणजे गाडी सुटली, आणि मी पॅनेलबोर्डाच्या हिशेबानं लाल म्हणजे चालू करून ठेवलेलं. तो उलटं वाचत असणार आणि दिव्याला नावं ठेवत असणार. “तुझ्या मेंदूतच वायरी उलट्या आहेत,” म्हणून मी त्याला चिडवलं आणि दोन वायरींची अदलाबदल करून दिली. आता फाटक्या आवाजाला हिरवा. तोही हसला. हसला, पण नीट नाही, हे मला तेव्हा जाणवलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

त्यांचा पुढचा कार्यक्रम चाकूरजवळच्या एका गावात होता. माझं यंत्र लोकांसमोर वाजणार म्हणून मी बस धरून गेले. ऊन उतरत आलं होतं. वंदना झाली, जोशाची दोन गाणी झाली, भाच्यानं दाबलं आणि गिटार अशी फाटली की पुढं बसलेली म्हातारी माणसंसुद्धा माना हलवायला लागली. मला कोण आनंद झाला. मग आईवरचं एक संथ गाणं आलं. गायिकेनं डोळे मिटले, सूर लावला आणि त्या सुरात भाच्याची गिटार कचाकचा फाटली. गायिकेनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. त्यानं घाईनं बटण दाबलं, मग कशाला कुणास ठाऊक पुन्हा दाबलं, आणि पुन्हा तेच खरखरलं. ढोलकीवाला हसला. भाच्याचा चेहरा पडला.

गाणी संपल्यावर मी मांडवाच्या मागं त्याला गाठलं. डबा हातात घेतला, वायर लावलेलीच होती.

“दिवा डोळ्यासमोर असताना चुकतोस कसा रे तू?”

“मी दाबलेलं मोजत असतो मावशी. गडबडीत मोजणी चुकली.”

“मोजायचं कशाला? दिवा बघ ना.”

“तो बदलतच न्हाई म्हणून सांगितलं की तुम्हाला.”

मी बटण दाबलं. हिरव्याचा लाल झाला. “आता?”

“आता काय?”

“बदलला की नाही?”

त्यानं दिव्याकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. उत्तर तो माझ्या तोंडावर शोधत होता. मी पाठ फिरवली, बटणाचा आवाज जाऊ नये म्हणून पदरात धरून दाबलं आणि डबा पुन्हा त्याच्यासमोर धरला.

“कोणता पेटलाय?”

“हिरवा.”

लाल होता. मी पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा धरला. असं कितीतरी वेळा केलं. कधी बरोबर यायचं, कधी चूक. बरोबर आलं तरी तो विचारल्यासारखंच बोलायचा.

“खरं सांग, तुला कसं दिसतं?”

“पिवळसर. एकदा जरा जास्त पिवळं, एकदा जरा कमी. तुम्ही सगळे त्यालाच लाल-हिरवा म्हणता असं मला वाटायचं.”

हे तो अगदी सहज बोलला. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. डबा त्यानं माझ्या हातातून काढून घेतला, वायर उपसली. दिवा विझला. सिग्नल ओळखून गाडी हाकायची नोकरी, आणि तिची मेडिकल पुढच्या महिन्यात.

लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. मला त्यातले आकडे ढळढळीत दिसत होते, भाच्याला नुसते ठिपके. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं आहे, औषध नाही, इतर काही धोका नाही. बहुतेक वेळा आईकडून मुलाकडं येतं, आईला स्वतःला काही जाणवत नाही. तिला ते तिच्या वडिलांकडून आलेलं असू शकतं. अक्कानं आणि मी एकमेकींकडं बघितलं. आमचे दादा, म्हणजे वडील, शेतातून टोमॅटो तोडून आणायचे त्यात निम्मे कच्चे असायचे. आई जन्मभर त्यांना त्यावरून बोलली. आम्ही पोरी खिदळायचो. कुणालाही, दादांनासुद्धा, कधी वाटलं नाही की ह्यात हसण्यापलीकडं काही आहे.

अक्का घरी येऊन माझ्याशी भांडली. “तुझ्या त्या डब्यानं केलं हे,” म्हणाली. मी उलट बोलले नाही, आणि ते माझ्यासाठी सोपं नसतं. दोन दिवसांनी तिचा फोन आला, आवाज एकदम मऊ. कुणीतरी तिला सांगितलं होतं की ठिपक्यांची चित्रं ठरलेली असतात, पोरं ती पाठ करून जातात. “तू एवढ्या पोरांना शिकवतेस. माझ्या एका लेकराला तेवढं शिकव. त्यानं लई वर्षं घातली गं त्यात.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही तो इंजिनात बसलेला हवा होता. मी म्हटलं, “पाठव त्याला.”

तो आला. चित्रं राहिली बाजूला, मला आधी हेच जाणून घ्यायचं होतं की ह्याला नक्की दिसतं काय. मी घरभर त्याला प्रश्न विचारत फिरले. पिकलेली मिरची? हातात धरली की कळते, झाडावर हरवते. गुलाल? मातीसारखा. निळा? निळा तर एकदम साफ, तो म्हणाला, निळ्याइतकं मला दुसरं काहीच साफ दिसत नाही. मी त्याच दुपारी पेडलचा तीन पायांचा दिवा काढून साधा निळा लावून दिला. त्यानं दाबून बघितला, विझवून बघितला, आणि बराच वेळ तेच करत बसला.

दुसऱ्या दिवशी अक्का त्याला न्यायला आली. लातूरकडं जाणारी गाडी दुपारची होती, मी सोडायला स्टेशनवर गेले. गाडी फलाटावर लागलेली, सुटायला वेळ होता. भाचा मला फलाटाच्या टोकाला घेऊन गेला आणि लांबचा सिग्नल दाखवला.

“हिरवा मला ओळखता येतो मावशी. हा हिरवा तुमच्या दिव्यासारखा नसतो. पांढरट दिसतो, लगेच कळतो.”

मला धीर आला. “आणि लाल? पिवळा?”

“ते दोन्ही सारखेच. पण लाल खाली असतो, पिवळा मधी. जागेवरून कळतं.”

“आणि धुक्यात? खांबच दिसला नाही, नुसता उजेड दिसला तर?”

तो सिग्नलकडं पाठ करून गाडीकडं चालू लागला. आम्ही गाडीच्या डब्यात जाऊन अक्काजवळ बसलो. अक्कानं पिशवीतून मोबाइल काढून ठिपक्यांची चित्रं लावली होती. “गाडीत वेळ जाईल तुझा, पाठ कर,” म्हणून तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर लेकराला झोपवून बसली होती. तिच्या शेजारी शेंगा खात दोन म्हातारे.

भाच्यानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

“आई, ही गाडी मी चालवत असलो तर तू बसशील का हिच्यात?”

“हे काय विचारणं झालं? तुझ्याबरोबर कुठं बी बसंन मी.”

“माझ्याबरोबर न्हाई. मी तिकडं पुढं. तू हितं मागं. आणि हे सगळे.”

अक्का काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलंही. मग तिची नजर समोरच्या लेकराकडं गेली. ते तोंड उघडं टाकून झोपलं होतं. माझ्या बहिणीनं आजवर ह्या पोराला कशालाच नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“न्हाई,” ती म्हणाली.

“मी बी बसलो नसतो,” तो म्हणाला, आणि त्यानं तिचा हात धरला. अक्का रडायला लागली तशी समोरची बाई जरा सरकून बसली आणि तिनं अक्काला पाण्याची बाटली दिली.